अक्काचा आकृत्यांचा पेपर

सकाळची शाळा, दुपारी शिकवण्या, आणि दिवेलागणीला घरी यावं तर अक्का आकृत्यांचं गाइड उघडून उंबऱ्याशीच बसलेली. सत्तरच्या दशकातला एक अख्खा हिवाळा माझा असा गेला. चप्पल काढेपर्यंतही धीर नसायचा तिला. "ह्यातली वेगळी कुठली, ते सांग," म्हणायची. मी म्हणायचे, "आधी पाय तरी धुऊ दे की बाई." दिवसभर पोरांना ओरडून घसा बसलेला असायचा आणि घरी पुन्हा मास्तरीण व्हायचं जिवावर यायचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर ती सोलापुरात आमच्याकडे परत आली आणि गल्लीतल्याच एका चादरींच्या कारखान्यात कामाला लागली. सकाळी मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं, दुपारनंतर तयार चादरींच्या घड्या घालायच्या. सुताची धूळ छातीत जाऊन जाऊन तिला खोकला जडला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं, हे काम सोडा. सोडा म्हणे! सोडून खायचं काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तशात एका सरकारी कचेरीत कारकुनांच्या जागा निघाल्या. अक्का मॅट्रिक झालेली होती. पण वयाची अट होती, आणि त्या अटीत बसायचं तिचं ते शेवटचं वर्ष. ही नोकरी लागली तर ती त्या धुळीतून सुटणार होती, नाही तर नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गणिताची, भाषेची तिला भीती नव्हती. घोडं पेंड खात होतं ते आकृत्यांच्या पेपरापाशी.

डावीकडे एक आकृती, उजवीकडे चार. हुबेहूब तशीच कुठली ते ओळखा. नाही तर चारांत न जुळणारी शोधा. फिरवलेले बाण, आरशातले त्रिकोण, अर्धे काळे केलेले गोल. अक्काची नजर चांगली होती. कितीही फिरवलेली आकृती ती माझ्याआधी ओळखायची. पण काळं-पांढरं उलटं झालं की संपलं. काळ्या गोलात पांढरा त्रिकोण आणि पांढऱ्या गोलात काळा त्रिकोण, तिच्या लेखी दोन्ही एकच.

"एकच की गं," ती म्हणायची. "ही सुलटी, ही पालथी."

परक्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण आमच्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते. वरून लाल जमिनीवर पांढरं फूल असलं, तर खालून पांढऱ्या जमिनीवर लाल फूल, आणि चादर तीच. घड्या घालताना लाल वर आलेल्या एकीकडे नि पांढऱ्या वर आलेल्या दुसरीकडे अशा कुणी ठेवल्या, तर मालक म्हणेल, डोकं फिरलं काय तुझं. अक्काच्या हाताला त्या दोन्ही एकाच चळतीत टाकायची सवय होती. मीही त्याच घरातली, पण मी शाळेत रमले आणि ती मागांपाशी राहिली.

"कागदाला पालथी बाजू नसते," मी सांगायचे. मग ती खरंच पान उलटून बघायची. एरवी हसले असते मी. पण अंगात त्राण नसलं की माणसाला हसूही येत नाही, नुसती चिडचिड होते. "किती वेळा तेच तेच सांगू तुला?" असं मी खेकसायचे. ती खोकायची आणि पुढची आकृती माझ्यापुढे धरायची. एकदा तर समजावता समजावता भिंतीला टेकून माझा डोळाच लागला. उठले तेव्हा अंगावर पांघरूण होतं आणि अक्का एकटीच गाइडात डोकं घालून बसली होती.

पण शिकली हो ती. परीक्षा जवळ आली तोवर काळ्या-पांढऱ्यात एकही चूक करीनाशी झाली. परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून तिला घेऊन गेले आणि बाहेर लिंबाखाली बसून राहिले. बाहेर आली ती खुशीतच. "सगळं सोडवलं. वेळसुद्धा उरला, सगळं परत तपासलं," म्हणाली. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी मी शांतपणे जेवले. अक्का आता पंख्याखाली खुर्चीवर बसणार, या विचारानंच बरं वाटत होतं.

निवड झाली नाही, असं कळवणारं पत्र आलं. आई रडली. अक्का दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कांड्या भरायला गेली. मला मात्र राहवेना. ती घरी आल्यावर मी विचारलंच, "ती काळ्या-पांढऱ्या आकृत्यांची गणितं आली होती काय गं?"

"आली होती की. बरीच होती. आधी तू सांगितलं तसंच लिहिलं मी."

"मग?"

"मग वेळ उरला. तपासताना मनात आलं, तू रोज इतकी दमून यायचीस, शिकवता शिकवता पेंगायचीस. झोपेच्या भरात चुकीचंच सांगितलं असशील मला. म्हणून सगळी खोडून बदलली."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. उलट, माझी कीव करत होती ती. जीव तुटला माझा.

पुन्हा जागा निघाल्या तेव्हा अक्काचं वय उलटून गेलं होतं. ती कांड्याच भरत राहिली, आणि तिचा खोकला काही गेला नाही.