टीम जिंकली त्या आठवड्याची फाइल

मी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना आवाजासकट पाहिलेला नाही. पाहिले ते सगळे मुके, नागपुरातल्या एका ऑफिसात, अर्धा डब्याच्या आधी आणि अर्धा डब्यानंतर.

काम असं होतं. सामना तिकडे रविवारी व्हायचा आणि त्याचं चित्रीकरण सोमवारी सकाळी आमच्याकडे यायचं. उंचावरच्या कॅमेऱ्यातून घेतलेलं. ना समालोचन, ना स्कोअरची पट्टी. एका सामन्याचे दीडेकशे तुकडे. प्रत्येक तुकड्यापुढे लिहायचं: चेंडू कोणाकडे, कोण कुठे उभा, किती पुढे गेले, कोणी पाडलं. ही फाइल तिकडच्या एका कंपनीला जायची आणि तिच्याकडून संघांच्या प्रशिक्षकांना. ऑफिसातल्या प्रत्येक गटाला एकेक संघ वाटून दिलेला होता. आमच्या वाट्याला आलेला संघ त्या वर्षी हरत होता.

हरत होता म्हणजे पहिल्या आठवड्यापासून. निकाल आम्हाला कोणी सांगत नसे आणि कामाला तो लागतही नसे, पण तुकडे लिहिता लिहिता कळायचंच. आमचा चेंडू फेकणारा मला उभा कमी आणि आडवा जास्त दिसला. निळ्या शर्टातली आमची धिप्पाड माणसं एकमेकांवर कोसळायची, उठायची, पुन्हा कोसळायची. सोमवारी फाइल उघडताना गटातलं कोणी ना कोणी म्हणायचं, "चला गा, मयतीले." दुसरा विचारायचा, "आज खांदा कोण देते?" तरी सगळे त्या संघाला 'आपले' म्हणायचे. का, ते मला कळलं नाही.

मी तपासनीस होतो. बाकीचे, म्हणजे कोडर, तुकडे लिहायचे, मी शेवटी नजर फिरवायचो. त्याआधी वीस वर्षं मी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधन केलं; ते बंद पडल्यावर पंचेचाळिशीत इथे लागलो. खेळ मला फारसा कळत नव्हता, चूक मात्र दिसायची. त्याचा मला गर्व होता. तो इथे कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गटातली सगळ्यात चांगली कोडर उमरेडची होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, रोज एसटीने येऊन-जाऊन करणारी. वडील कोळसा खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेले. तिच्या फाइलीत मला चूक सापडत नसे. खरं सांगायचं तर याचा थोडा रागही यायचा. नंबर दिसला नाही तरी ती खेळाडूला चालीवरून ओळखायची.

"सर, हा पाहा आपला फेंगडा," असं म्हणून एकदा तिने तुकडा थांबवला होता. "पडला का आधी डावा हात टेकवते."

"त्याच्या हाताचं तुले काय करायचं?"

"नंबर झाकला असला का कामी येते नं."

दहाव्या आठवड्याची फाइल तिनेच केली आणि चारच्या सुमाराला माझ्याकडे पाठवली. मी उघडली. त्या दिवशी मैदानावर एक संघ पिवळ्या शर्टात होता आणि एक निळ्या. तिने पिवळ्यांना 'आपले' धरलं होतं. आणि पिवळे सुसाट होते. लांब लांब पळत होते, झेल घेत होते. निळे पडत होते. नऊ आठवडे मी निळ्यांनाच पडताना पाहिलं होतं. मला वाटलं, हिने संघ उलटे धरले. पहिल्या तुकड्याला तसं झालं की चूक शेवटपर्यंत वाहत जाते. आधी एकदोघांचं झालंही होतं. तपासनिसाला त्यासाठी एक सोय होती. एका बटनाने सबंध फाइलीतल्या संघांची अदलाबदल व्हायची. मी ते दाबलं, फाइल पाठवून दिली आणि चहाला गेलो. जाताना मनात जे होतं तेही सांगतो: सापडली एकदाची हिची एक.

शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहून ठेवलं होतं की आज आपले लोक जुन्या काळच्या पिवळ्या शर्टात आहेत, आणि समोरच्यांचा निळा आपल्यासारखाच आहे. तो रकाना मी पाहिला नाही. कोडरांचे मोबाइल बाहेर कपाटात ठेवावे लागत, माझा खिशात होता. निकाल बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. तसं मनात आलंही होतं. पण त्यात बघायचं काय, ते हरणारच, असं मीच मला सांगितलं.

गुरुवारी तक्रार आली. त्या संघाचा सबंध हंगामातला पहिला विजय आम्ही पराभव म्हणून पाठवला होता. मॅनेजरने तिला आणि मला आत बोलावलं. फाइलीवर नाव फक्त कोडरचं असतं. तपासनिसाने काय बदललं त्याची नोंद वेगळी राहते आणि ती मुद्दाम मागवावी लागते. ती कोणी मागवली नाही.

"सर, मी पिवळेच आपले धरले होते," ती म्हणाली. "शेरा पण लिहिला मी."

मॅनेजरने पडदा तिच्याकडे फिरवला. "शेरा बरोबर आणि फाइल उलटी. लिहिलं एक, केलं एक?" मग मला विचारलं, "तपासताना तुम्ही काही बदललं होतं का?"

"लक्षात नाही," मी म्हणालो.

मी 'नाही' म्हणालो नाही, हे मला नंतर बरेच दिवस पुरलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने पडद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मंग माह्याच हातून झालं असन."

महिनाअखेर तिला काढलं. अनुभवाच्या दाखल्यावर लिहिलं, कामातील गंभीर चूक. तो दाखला पाहून दोन ठिकाणी तिला नाही म्हणाले, हे मला गटातल्या एकीकडून कळलं. मी ऐकून घेतलं. माझी झोप उडाली नाही, जेवण कमी झालं नाही. बायकोला काही सांगितलं नाही. त्या हंगामातले उरलेले सामने मी नीट तपासले. आपले त्यातले बहुतेक हरले.

वर्ष असंच गेलं. मग नव्या तपासनिसांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि कोडरची चूक कशी ओळखावी याचा नमुना म्हणून मॅनेजरने तीच फाइल दिली, तिच्या नावासकट. दोन बॅचना मी ती शिकवली. तिसऱ्या वेळी एका मुलीने विचारलं, "सर, शेरा एवढा बरोबर लिहिणारी बाई फाइल उलटी काहून करन?"

"होते असं कधी कधी," मी म्हणालो आणि पुढचा तुकडा लावला. त्यानंतर मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्याच रविवारी मी उमरेडची एसटी पकडली.

ती आता तहसीलजवळच्या एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. रविवार म्हणून घरी होती. दारात मला पाहून थबकली. अंगणात वडील खुर्चीवर बसले होते.

"बाबा, हे आमच्या ऑफिसातले सर."

"बसा साहेब. परत बोलवाले आले काय हिले?"

"नाही," मी म्हणालो. आणि उभ्यानेच सांगून टाकलं. बटन मी दाबलं. शेरा वाचला नाही. विचारलं तेव्हा कबूल केलं नाही.

ती उंबरठ्यावर बसली. मग म्हणाली, "सर, मी वर्षभर आठवून पाहून राहिली का माहा हात कुठं लागला. दुकानात एकेक अर्ज तीन-तीनदा वाचतो मी. लोक हासते मले."

 

वडिलांनी विचारलं, "पण तुम्ही बदललं काहून? तिनं त बरोबर लिहिलं होतं म्हणता."

"ती टीम नेहमी हरायची. मला वाटलं, जिंकणारे आपले नसणारच."

"अन् ही सांगून राहिली होती तरी?"

"मी वाचलं नाही."

"माह्या डंपरले दुसऱ्यानं धडक दिली असती अन् चार्जशीट मले भेटली असती, त मी तुमच्यावाणी शांत बसलो नसतो साहेब." आवाज चढला नव्हता. "बरं, मले सांगून काय होते? मी हिले आळशी म्हटलं वर्षभर, ते मी पाहीन. ज्यानं काढलं त्याले सांगा."

"बाबा, पाणी त घेऊ द्या त्याइले," ती म्हणाली. पण पाणी आणायला उठली नाही. मीही थांबलो नाही.

सोमवारी मी बदलांची नोंद मागवली. त्यात माझा नंबर होता, वेळ होती. ती जोडून मॅनेजरला मेल लिहिला. पंधरा ओळींत मावलं सगळं. दुपारी त्याने बोलावलं. मी राजीनामा टाइप करून नेला होता, तो खिशातच राहिला. तो म्हणाला, आता वर्ष उलटून गेलं, तिकडचे विसरलेही असतील, यापुढे शेऱ्याचा रकाना वाचत चला. मला काढलं नाही. पगारही कापला नाही. त्याच चुकीपायी तिला महिनाअखेर घरी बसवलं होतं.

दाखला बदलून मागायला मला चार आठवडे त्याच्या टेबलाशी जावं लागलं. मिळाल्यावर मी तो टपालाने पाठवला. परत येशील का, असंही ऑफिसने तिला विचारलं होतं. तिने नकार कळवला, कारण लिहिलं नाही. मला तिचा एक संदेश आला, दाखला मिळाल्याचा. त्यात शेवटी विचारलं होतं की नव्या लोकांना शिकवता त्या फाइलीवर अजून तिचंच नाव आहे का.

नव्हतं. मी ते आदल्याच आठवड्यात काढून तिथे माझं घातलं होतं. तसं तिला कळवलं.