रिकाम्या घरांचा शेजारी

२०१० साली आम्ही आयर्लंडमधल्या स्लायगो गावाबाहेर एका अर्धवट वसाहतीत भाड्याने राहत होतो. नवरा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. मला कामाचा परवाना नव्हता, म्हणून मी घरी. मंदी आली तसा बिल्डर गायब झाला होता. चाळीसेक घरांपैकी जेमतेम सहा घरांत माणसं होती. बाकीची बाहेरून पुरी दिसत, आत काहीच नाही.

शेजारी माझ्याच वयाची एक रोमानियन नर्स राहायची. आई वारल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं होतं. पंच्याहत्तरीचे, उंच, अंगात कायम तपकिरी कोट. त्यांना विसर पडायला लागला होता. तिची दिवसपाळी असली की दुपारचं मी त्यांच्याकडे बघायचे. त्यांचं इंग्रजी मोजकंच, माझ्या आल्याच्या चहावर आमचं भागायचं.

चहा झाला की ते बाहेर पडत आणि रिकाम्या रांगेतल्या एकेका दारावर टकटक करत. जरा थांबत, दाराला तोंड लावून हळू काहीतरी बोलत, कुलूप ओढून बघत आणि पुढच्या दाराशी जात. हिवाळ्यात चार वाजताच अंधारून यायचं. खिडकीतून ते बघताना मला कसंतरीच व्हायचं.

“तुझे बाबा रोज कुणाला हाका मारतात?” एकदा मी तिला विचारलं.

“शेजाऱ्यांना,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं आपण गावातच आहोत.”

तिचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, लहानसं, जुनं, तटबंदीचं. मे महिन्यापर्यंत शिखरांवर बर्फ दिसायचं म्हणे. त्यांच्या गल्लीत बहुतेक जर्मन बोलणारी घरं, शेकडो वर्षांपासून तिथलीच. ती दहा वर्षांची असताना तिथली कम्युनिस्ट राजवट पडली, सरहद्दी उघडल्या आणि एका उन्हाळ्यात अख्खी गल्ली जर्मनीला निघून गेली. जाताना एकेकाने तिच्या वडिलांच्या हातात किल्ल्या दिल्या.

“दर रविवारी बाबा मला बरोबर न्यायचे,” ती सांगत होती. “खिडक्या उघडायच्या, जळमटं काढायची, घड्याळांना चावी द्यायची. एका घरात टेबलावर कप तसेच मांडलेले होते. कुणीतरी नुकतंच उठून आतल्या खोलीत गेलंय असं वाटायचं. बाबा आत शिरताना मोठ्याने नमस्कार करायचे. मी मात्र उंबऱ्यावरच थांबायचे.”

त्या वर्षी डिसेंबरात बर्फ फार पडलं. एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर त्यांचं दार उघडं आणि घरात कुणी नाही. बर्फात पावलं उमटली होती. त्या पावलांमागे मी रांगेतल्या शेवटच्या घरापर्यंत गेले. तिथलं दार सताड उघडं होतं.

ते आत होते. कोट काढून खिळ्याला लावलेला, हातात मजुरांचा जुना झाडू. काच फुटलेल्या खिडकीतून आत आलेलं बर्फ ते झाडून काढत होते.

“चला ना, घरी जाऊ,” मी म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि वर बघितलं. “हळू,” ते म्हणाले. “मुलं झोपली आहेत.”

आणि वर फळी करकरली. थंडीने लाकूड वाजतं हे मला माहीत आहे. शिवाय त्या घराला जिनाच बसवलेला नव्हता, वर कुणी असणं शक्यच नव्हतं. तरीही मी कुजबुजतच ‘चला’ म्हणाले. कोट त्यांच्या अंगावर चढवला, हात धरला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तिला सांगितलं. वसंतात तिने नोकरी सोडली आणि वडिलांना गावी परत नेलं.

वर्षभराने तिचा फोन आला. बाबा कसे आहेत, मी विचारलं.

“तब्येत ठीक आहे. पण इथे आल्यापासून गल्लीतल्या घरांकडे बघतही नाहीत. दुपार झाली की फाटकाशी उभे राहतात. पलीकडची चहावाली बाई कधी परत येणार, विचारतात. काय सांगू त्यांना?”

“उन्हाळ्यात येते म्हणावं,” मी म्हणाले.

खरंच जायचं मनात होतं. पण नवऱ्याला दूर कॉर्क शहरात नोकरी मिळाली, सामानाची बांधाबांध सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये तिचा मेसेज आला. ते गेले होते. आदल्या दिवशीही फाटकाशी उभे होते, तिने लिहिलं होतं.