वंदनाच्या हातची भाजी

हे मी नवऱ्याजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही. देवापुढे बसल्यावरही हा विषय मनात आला की मी मुद्दाम गॅसवर काय ठेवलंय ते आठवू लागते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुमच्याशी बोलणं जमेल असं वाटतंय. जमेल का? बघते.

मी दिग्रसला राहते. शाळेत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहे. वंदना पोस्टात होती. आमच्या मुली एका वर्गात, त्यातून ओळख झाली, आणि पुढे पुढे मुली बाजूलाच राहिल्या नि आम्हा दोघींचंच जाणं-येणं वाढलं. तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पाय हलवत बसून मी किती वेळा जेवले असेन! ती बौद्ध, आम्ही ब्राह्मण. आमच्यात हा विषय कधी निघाला नाही. ‘आमच्या घरात असलं काही मानत नाहीत’ हे मी अभिमानाने सांगायचे. खरंच मानत नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण याच्यामुळे माझी बाजू सावरत नाही. उलट होतं.

वंदनाची धाकटी बहीण संगीता आफ्रिकेत, मलावीत नर्स आहे. एका दुपारी तिचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. ती तिथल्या बायकांबद्दल सांगत होती. बाळंतपणात अडतात, मूल जातं, आणि मग लघवी थांबतच नाही — चोवीस तास गळत राहते. वास येतो म्हणून नवरा घराबाहेर काढतो. शेजारी बसून कुणी जेवत नाही. ऑपरेशनने हे बरं होतं, पण त्या बायांना दवाखान्यापर्यंत पोचायची ऐपत नसते.

वंदनाने फोन ठेवला. मग मी म्हटलं, “आपण एक जेवण ठेवू या वंदना. पास काढू. जे जमेल ते तिकडे पाठवू.”

मी म्हटलं. मीच. बघा, एवढं सगळं सांगायला बसले तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या वर्षी जेवण तिच्या अंगणातच झालं. पोस्टातले लोक, माझ्या शाळेतले शिक्षक, दोघींचे सोयरे. वंदनाने गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वरण केलं, वांग्याची भाजी केली. ती भाजी — काय सांगू? माणसं ताटातला रस्सा बोटाने पुसून खात होती. पास मी खपवले होते. दारोदार मी गेले होते, उन्हात. आणि जाताना प्रत्येक जण काय म्हणाला? “वंदनाताई, भाजी एक नंबर!” माझ्याकडे बघून नुसतं हसले.

दुसऱ्या वर्षी लोक आपणहून विचारू लागले, “वंदनाताईचं जेवण कधी आहे?”

वंदनाताईचं जेवण.

तुम्हाला कधी असं झालंय का, की जिवाभावाच्या माणसाचं कौतुक ऐकताना चेहरा हसत असतो आणि आत काहीतरी करपत असतं? मी घरी येऊन तशी भाजी करून पाहिली. तिला कृती विचारली, तिने सगळी सांगितली, काही लपवलं नाही. तिळाचा कूट कधी घालायचा तेसुद्धा. माझी तशी झाली नाही. नवरा म्हणाला, चांगली आहे. मी उरलेली गाईला घातली.

तिसऱ्या वर्षी आम्ही मंगल कार्यालय घेतलं. माणसं वाढवायची म्हणून मी आमच्या गल्लीतल्या भजनाच्या बायांनाही पास दिले. त्यांच्यातल्या मोठ्या काकू — त्यांचा शब्द गल्लीत चालतो — कुणाच्या घरचं पाणी पितात आणि कुणाच्या नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या धरून चालल्या की स्वयंपाक आचाऱ्याचा असणार. मी काही बोलले नाही. तेव्हा खरंच मनात काही नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

पंगत बसायच्या आधी पडद्यावर संगीताचा व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागे ऑपरेशन झालेल्या बायका उभ्या होत्या, रंगीत फडकी बांधून, लाजत हसत होत्या. संगीता म्हणाली, “हे सगळं माझ्या ताईमुळे झालं.” सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. वंदना हात पुसत पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली, घामाने डबडबलेली, आणि लोक उभे राहिले.

मी पडद्याजवळच उभी होते. माझं नाव आता येईल, आता येईल म्हणून. आलं नाही.

पंगत बसली तशी मी तिथून निघाले आणि सरळ काकूंच्या पानापाशी गेले. त्या आणि भजनाच्या बाया नुकत्याच येऊन बसल्या होत्या, पानात मीठ-लिंबू वाढून झालं होतं. मी वाकले आणि हसून म्हटलं — “पोटभर जेवा हं काकू. यंदाही आचारी नाहीच. सगळं वंदनानेच केलंय, तिच्या घरच्या बायांनी.”

ऐकायला कौतुक वाटतं ना? कुणी रेकॉर्ड करून ऐकवलं असतं तरी कौतुकच वाटलं असतं. मी शब्द असे निवडले होते.

काकूंनी विचारलं, “वंदना म्हंजे... ते पोस्टातली?”

“हो, तीच.”

त्यांनी पान पुढे सरकवलं. “मले पोटात जड वाटून राह्यलं वो बाई. मी निघतो.” त्यांच्या शेजारची उठली. मग तिच्या शेजारची. कुणी कुणाला कारण विचारलं नाही. बघता बघता ती अख्खी ओळ रिकामी झाली, आणि समोरच्या ओळीतलेही काही जण चपला शोधू लागले.

तेवढ्यात वंदना भाजीची बादली घेऊन वाढायला आली. मांडलेली पानं आणि पुढे माणूस नाही. ती थांबली. मला म्हणाली, “काय झालं वं? काहून उठले सारे?”

मी तेव्हाही बोलू शकले असते. त्याऐवजी म्हटलं, “भाजी जरा खारट झाली म्हणत होत्या.”

अजून कुणाच्या पानात भाजी पडलीच नव्हती. हे तिला माहीत होतं, मलाही होतं. तिने माझ्याकडे पाहिलं — किती वेळ, ते मला सांगता येत नाही. मग म्हणाली, “असं व्हय.” आणि बादली उचलून पुढच्या ओळीत वाढायला गेली, जिथे माणसं अजून बसलेली होती. त्यांना आग्रह करकरून वाढलं तिने. आवाज जरासुद्धा हलला नाही.

लोक का उठले, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. ते ती जन्मभर ओळखत आली असणार. पण त्यांना सांगितलं कुणी, हे तिला कळलं का? मला माहीत नाही. मी जी गोष्ट मानत नाही म्हणून मिरवत होते, तीच गोष्ट मी उचलली, कारण हाताशी तेवढीच धारदार होती. काकू निदान जे मानतात तसं वागल्या. मी काय?

पुढच्या वर्षी वंदना म्हणाली, “माह्यानं आता होत नाही, तूच पाह्य.” मी एकदाही नको म्हटलं नाही. आचारी लावला. काकू आल्या, त्यांची सगळी मंडळी आली. जेवण वाढत गेलं, दारव्ह्याहून, पुसदहून लोक येऊ लागले. संगीता सुट्टीत आली तेव्हा तिने व्यासपीठावरून माझं नाव घेतलं, मला शाल दिली. वंदना खाली बसली होती, टाळ्या वाजवत. आणि मला — लाज वाटली असं म्हणायला हवं, पण खरं सांगते — मला बरं वाटलं. घरी गेल्यावरही बरंच वाटत होतं.

वंदना दर वर्षी येते. इतरांसारखा पास घेते, पंगतीत बसते, जेवते. मी तिच्या ओळीत वाढायला जात नाही. लोक हात धुवून तिच्याभोवती जमतात, हसतात, तिच्या पाठीवर हात ठेवून बोलतात, आणि ते मला अजून बघवत नाही.