रेडिओ गप्प बसली ती दुपार

आमच्या मानसोपचाराच्या बॅचमध्ये तिला सगळे रेडिओ म्हणायचे. घरात पाच बहिणी, त्यात ही चौथी. गप्प बसली तर हिचं ऐकतंय कोण? त्यामुळे समोरचा जरा थांबला की ही बोललीच. बडबडी मीही काही कमी नाही, पण माझं खपून गेलं. तिला मात्र सहामाही मूल्यमापनात नापास केलं. सरांनी शेरा लिहिला होता, 'रुग्ण गप्प झाला की त्याचं उत्तर डॉक्टरच देते.' पुन्हा नापास झाली तर वर्ष वाया जाणार होतं. तिने धसकाच घेतला. घास उतरेना, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झाली.

मग आम्ही बॅचवाल्यांनी तिला तयार करायचा विडा उचलला. दोन महिने, रोज दुपारी ड्युटी रूममध्ये तालीम. प्रश्न विचारून ती किती वेळ थांबते हे मोजायला मी घड्याळ धरायची. रुग्णाचं सोंग घ्यावं तर आमच्या काकानेच. हा आमच्याहून दहा वर्षांनी मोठा, स्वतःचा दवाखाना बंद करून शिकायला आलेला, म्हणून काका. तो खांदे पाडून बसला की गलबलून यायचं. आम्ही टाळ्या वाजवायचो. रेडिओ मात्र ऐन वेळी कच खायची. "जगणं नकोसं वाटतं का?" असं विचारायची आणि लगेच पुढे, "नाही ना?" मी वैतागून घड्याळ आपटायची.

परीक्षेच्या दिवशी, नंबर लागायला अर्धा तास असताना, तिने शेवटची तालीम मागितली. तिने तोच प्रश्न विचारला आणि ओठ दाबून बसली. एक मिनिट गेलं. मला वाटलं, आता बोलणार. ती बोलली नाही. दुसरंही मिनिट गेलं. काका टेबलाकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला. "दोन महिने झाले. हे तालमीतलं नाही."

मी घड्याळ खाली ठेवलं. रेडिओने खुर्ची त्याच्याजवळ ओढली, जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारलं आणि पुन्हा थांबली. तेवढ्यात शिपाई तिचा नंबर पुकारत दारात आला. ती मागे वळलीसुद्धा नाही.

"सरांनाच इकडे बोलवा. मी पेशंट बघतेय."

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला पळ म्हटलं. दोन महिने आम्ही त्या माणसाला टाळ्या वाजवत होतो.