घरात मराठी बंद

माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती तेव्हा तहान लागली की आईजवळ येऊन म्हणायची, "पाणी हवं का?" आई तिला रोज तसं विचारायची, म्हणून तिच्या लेखी पाणी मागण्याची तीच रीत होती. भूक लागली की "चल, दोन घास खा." झोप आली की "लाइट घालवू का?" सगळी वाक्यं आईची, आईच्याच सुरात. स्वतःचं म्हणून एक वाक्य नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही, पण अण्णांनी मशीनवरचं रीळ बदललं की तेवढ्या आवाजाने आतल्या खोलीतून उठून यायची.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. चामराजपेटेत आमचं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या पुढच्या खोलीत अण्णांची शिलाई मशीनं. ते शाळांचे युनिफॉर्म शिवतात, आई काज-बटणं करते. आमच्या किती पिढ्या या गावात गेल्या ते घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. गिऱ्हाइकांशी कन्नड, कापडवाल्याशी हिंदी, आणि आपसात मराठी. दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच. मराठी मी शाळेत शिकलेली नाही. हिंदीची अक्षरं येत होती, त्यांच्या आधाराने लिहायला लागले. तरीही हे मराठीतच लिहायला हवं असं वाटतं.

धाकटीला कपड्याची शिवण टोचायची. कॉलरचं लेबल लागलं तर ती कपडा फाडून काढायची. शेजारीण म्हणायची, "राजकन्या आहे हो तुमची, शिंप्याच्या घरी चुकून आली." अण्णा हसायचे. मग त्यांनी तिचा युनिफॉर्म उलटा शिवला, शिवणी बाहेर आणि लेबल नाही. का टोचतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. टोचतं एवढं पुरेसं होतं. तेवढं शहाणपण मला असतं तर बरं झालं असतं.

नर्सरीला घातल्यावर दोन महिन्यांनी मिसने घरच्यांना बोलावलं. आईला इंग्रजी येत नाही म्हणून मी गेले. तेव्हा मी दहावी संपवून नुकतीच पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावीला, जायला लागले होते.

"घरात काय बोलता?" मिसने विचारलं.

"मराठी."

"आणखी?"

"कन्नड. स्वल्प हिंदी."

"तेच तर. तिच्या डोक्यात गोंधळ झालाय. एकच भाषा ठेवा. शाळेत इंग्लिश आहे, तीच ठेवा. मराठी पूर्ण बंद करा आणि सहा महिन्यांनी बघा."

मिस वाईट नव्हती. वर्गात खूप मुलं होती, आणि हे सांगताना तिने धाकटीला मांडीवर घेतलं होतं. धाकटी टेबलावरचा स्टिकर नखाने सोलत होती.

मी ते लगेच खरं मानलं. त्याचं कारण माझ्यातच होतं. दहावीपर्यंत मी कन्नड माध्यमात शिकले. पीयूला सगळं एकदम इंग्रजीत आलं. लेक्चररनी प्रश्न विचारला की उत्तर मला यायचं, पण शब्द यायचे नाहीत. मागच्या बाकावर बसून मी मान खाली घालायची. मला वाटायचं, लहानपणी कुणी माझ्याशी इंग्रजी बोललं असतं तर हे झालं नसतं. धाकटीचं तरी तसं होऊ नये. एवढाच माझा विचार होता, आणि तो चांगला आहे अशी माझी खात्री होती.

घरी येऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. शिकलेली तू आहेस."

आईने एकच विचारलं. "मग मी तिच्याशी काय बोलू?"

मी कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहिले. आई सातवीपर्यंत कन्नड शाळेत गेलेली, म्हणून इंग्रजी शब्द कन्नड अक्षरांत. वॉटर, मिल्क, कम, सिट, ईट, स्लीप, गुड गर्ल. तो कागद मी मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. आई बटण लावता लावता मान वर करून शब्द शोधायची, तोवर धाकटी निघून गेलेली असायची.

सुरुवातीला आई चेष्टा करायची. "मला इंग्रजीत रागावताच येत नाही. तिला वाटत असेल, आई फार सज्जन झाली."

अण्णा म्हणायचे, "घरात तीन भाषा होत्या, हिला एकही पसंत नव्हती. आता चौथी दाखवतोय. गिऱ्हाईक चोखंदळ आहे."

मी हसायची नाही. आईच्या तोंडून चुकून शब्द गेला की मी बोट वर करून म्हणायची, "आई, नो मराठी." दिवसातून कितीदा तरी. अंघोळ घालताना आई पाण्याशी काहीतरी बडबडायची, ते थांबवलं. झोपवताना ती जे गुणगुणायची त्यातले शब्द काढून टाकायला लावले. काही दिवस ती नुसता सूर धरायची, मग तोही गेला. कागदावरचे शब्द आईला पाठ झाले, पण त्यांचं करायचं काय ते तिला कळलं नाही. "ईट" म्हणून झाल्यावर माणसाने पुढे काय बोलायचं? हळूहळू आई धाकटीशी बोलेनाशी झाली. भरवायची, न्हाऊ घालायची, वेणी घालायची, सगळं मुक्याने.

धाकटीची वाक्यं एकेक करून गळाली. "लाइट घालवू का" आधी गेलं, कारण ते विचारणारंच कुणी उरलं नाही. "पाणी हवं का" शेवटपर्यंत टिकलं.

त्या दुपारी मी घरी होते. ती आईजवळ आली आणि म्हणाली, "पाणी हवं का?" आईने माझ्याकडे बघितलं. मी उठले, पेल्यात पाणी घेतलं आणि वर धरलं. "वॉटर. से वॉटर."

तिने पेल्याकडे बघितलं. "पाणी हवं का?"

"नो. वॉटर."

ती परत तेच म्हणाली. मग परत. प्रत्येक वेळी सूर तोच होता, आईचा, मायेने विचारल्यासारखा. मी पेला खाली आणला नाही. तिने स्वतःचं मनगट चावलं. मग मशीनच्या लोखंडी पायावर डोकं आपटायला लागली. अण्णांनी मशीन थांबवलं. आई उठली, तेव्हा मी म्हणाले, "थांब आई, शिकू दे तिला."

आई थांबली. मी कॉलेजात जाणारी होते, म्हणून थांबली.

शेवटी पेला अण्णांनीच माझ्या हातातून घेतला. पण त्यानंतर धाकटीने ते वाक्य कधी उच्चारलं नाही. तहान लागली की आईचं मनगट धरून तिला माठाशी ओढत न्यायची. शाळेत मिस म्हणाली, आता वर्गात गडबड कमी करते, सुधारणा आहे. मी घरी येऊन तसं सांगितलं.

अशी दोन वर्षं गेली. मग शाळेने कळवलं की पहिलीत तिला घेता येणार नाही, एकदा डॉक्टरांना दाखवा. मी, आई आणि धाकटी सरकारी इस्पितळात गेलो. सकाळभर रांग, फॉर्म, कानाची तपासणी. कान ठीक होते. डॉक्टरांनी तिला बराच वेळ बघितलं, आम्हाला बरंच विचारलं, मग वाचेच्या थेरपीच्या मॅडमकडे पाठवलं. त्या धाकटीसमोर फरशीवरच बसल्या. कन्नडमध्ये विचारलं, "आई हिच्याशी कुठल्या भाषेत बोलते?"

"इंग्लिश," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "अम्मा, तुम्ही सांगा."

आईने आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. ती नजर आठवली की अजून मला बसवत नाही. मग ती म्हणाली, "मी बोलत नाही. मला इंग्रजी येत नाही."

"आधी बोलत होता?"

"मराठीत."

"तेव्हा ही काही म्हणायची?"

मग आईने सगळी वाक्यं सांगितली. पाण्याचं, जेवणाचं, दिव्याचं, आणि मी कधी ऐकली नव्हती अशीही. माझ्यासाठी म्हणे एक वाक्य होतं. संध्याकाळी मी यायच्या वेळेला ती दाराशी उभी राहून म्हणायची, "अक्का येईल हं आता." आई प्रत्येक वाक्य त्याच्या सुरासकट सांगत होती. दोन वर्षांत मी तिला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मॅडमचं लिहिणं थांबलं.

त्यांनी समजावून सांगितलं. धाकटीला ऑटिझम आहे. तो मराठीने झालेला नाही, आईच्या वागण्याने झालेला नाही. दोन-तीन भाषांच्या घरात अशी मुलं वाढतात, त्याने त्यांचं बिघडत नाही. आणि ती उसनी वाक्यं हेच तिचं बोलणं होतं. अशी बरीच मुलं आधी अख्खी वाक्यं उचलतात. ती धरूनच पुढे जायचं असतं. "ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, हसता येतं, त्याच भाषेत बोला," त्या आईला म्हणाल्या.

मी विचारलं, "मग मराठी बंद केली नसती तर ती बोलली असती?"

त्या म्हणाल्या, "ऑटिझम होताच, तो राहिलाच असता. किती बोलली असती, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बसमध्ये आई धाकटीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. कुठल्याच भाषेत काही बोलली नाही. घरी अण्णांना मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आता बोलायचं?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"सरी." ते मशीनकडे वळले. पण मशीन सुरू केलं नाही.

संध्याकाळी आई धाकटीसमोर बसली. घसा साफ केला. मग जुन्याच सुरात विचारलं, "पाणी हवं का?"

धाकटीने पुढे होऊन आईच्या तोंडावर तळहात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग बोट वर करून म्हणाली, "आई, नो मराठी."

माझा आवाज. माझी मान जशी वाकडी होते तशी वाकडी मान. दोन वर्षांतलं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

अण्णांनी उठून भिंतीवरचा कागद काढला. चिकटवला होता तिथला रंगही त्याच्याबरोबर निघून आला.

आता धाकटी सात वर्षांची आहे आणि मी डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. दुसऱ्या एका शाळेने तिला घेतलं आहे, तिथे ती अर्धा दिवस बसते. पंधरा दिवसांनी आम्ही मॅडमकडे जातो. त्यांनी चित्रांची कार्डं दिली आहेत. पेल्याचं कार्ड ती आईच्या हातात देते. आई मराठीत बोलते, पण मी घरात असले की धाकटी तिच्या तोंडावर हात ठेवते. मीही तिच्यासमोर मराठीच बोलते. ती माझ्या हाताकडे बघत राहते, म्हणून हात मी ओढणीत गुंडाळून बसते.

मागच्या महिन्यात आई बटण लावता लावता, वर न बघता म्हणाली, "तू कॉलेजात असतेस तेव्हा ती म्हणते."

"काय?"

"पाणी हवं का." दोरा तोडून ती पुढे म्हणाली, "रोज नाही. कधीतरी. तू आलीस की बंद."

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"वाईट वाटून घेऊ नकोस. तिला वाटतं, नियम तुझा आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून पाळत असेल."

आईने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, वेळ लागेल. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कॉलेज दुपारी सुटतं. हल्ली मी थेट आत जात नाही. घरासमोर तीन पायऱ्या आहेत, त्यातल्या खालच्या पायरीवर बॅग घेऊन बसते. अण्णांचं मशीन चालू असेपर्यंत आतलं काही ऐकू येत नाही. मग बॉबिन भरायला ते थांबतात, तेव्हा थोडं ऐकू येतं. अण्णांना दारातून मी दिसते. ते कुणाला सांगत नाहीत.

काल मशीन थांबलं तेव्हा आतून आवाज आला, "पाणी हवं का?" आई होती की धाकटी, मला ओळखता आलं नाही. सूर एकच आहे. मग माठात पेला बुडाल्याचा आवाज आला. अण्णांनी बॉबिन भरली होती, पण त्यांनी पाय मशीनच्या पायडलवर ठेवला नाही.

पेला फरशीवर टेकल्याचा आवाज येईपर्यंत मी बाहेरच बसले.