दहा बाय बाराच्या खोलीत धामणखेडं

आमचा आप्पा, म्हणजे भटूआप्पा, आयुष्यात दोन गोष्टी नीट करतो. तार सांधतो आणि ऐकू न आल्याचं नाटक करतो. नाटकात थोडी माफी आहे, कारण सुरतच्या लिंबायतला लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, पस्तीस वर्षं खडखडाटात काढली की कान जातातच. पण त्याचे कान हुशार आहेत. "चहा झाला" हे त्यांना गल्लीच्या टोकावरून समजतं. "गॅस संपला" हे मांडीला मांडी लावून बसलं तरी नाही.

तार सांधणं काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचा तमाशा कळणार नाही. लूमवर उभ्या तारांचा मोठा रोळ असतो, त्याला बीम म्हणतात. तो संपत आला की नवा बीम येतो. मग जुन्याचा एक तार, नव्याचा एक तार, बोटानं गाठ. असे चार-पाच हजार तार. आप्पा डाव्या काठाला बसतो, मान खाली घालतो आणि उजव्या काठाकडं निघतो. मधे वर बघत नाही. किती राहिलं विचारलं तर चिडतो. म्हणतो, "काठ आला की समजंल." त्या तारांची पुढं साडी निघते का पडदा निघतो, त्याला काही घेणं नाही. असा माणूस खात्यात सोनं असतो. घरात डोक्याला ताप.

आता कानबाईचं. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांकडं कानबाई बसते. नारळाचीच देवी, त्याला नथ, डोळे, दागिने. सगळे भाऊबंद एका घरात जमतात आणि रोट, म्हणजे त्या दिवशीच्या पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायच्या. आमचा नारळ पणजोबाच्या वेळचा. तो गावाला, धामणखेड्याला, आप्पाच्या मोठ्या भावाकडं असायचा. त्याचं नाव सखाराम, आम्ही मोठा बाबा म्हणतो. गेल्या थंडीत मोठी आई, त्याची बायको, वारली. घरात रोट लाटायला बाई उरली नाही. मग मोठ्या बाबाचा फोन आला, "नारळ सुरतला देतो. तुझ्याकडं का पंडितकडं, ते येऊन बघतो आणि ठरवतो."

आमची माय, सरलाबाई, सत्तावीस वर्षं गावाला, दुसऱ्याच्या घरी कानबाईचे रोट लाटायला जाते. लाटते, धूर खाते, भांडी घासते आणि परत येते. देवी आपल्या घरात बसावी असं ती कधी बोलली नाही. फोन आला त्या दिवशीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उठून तिनं एकटीनं चारही भिंतींना चुना मारला. आता याच्यावरून काय समजायचं ते शहाण्या माणसाला समजतं. आप्पाला समजलं असं मला वाटलं होतं.

कारण तो म्हणाला, "देवीच्या मागं आरास करू. आपलं गाव करू. टेशन, गाडी, सगळं. तिला परकं नको वाटायला." त्या पूर्ण भानगडीत आप्पा एवढं एकच वाक्य बरं बोलला. तिथंच थांबला असता तर हे लिहायची गरज नव्हती.

जुन्या बाजारातून त्यानं सेलवर चालणारी खेळण्यातली रेल्वे आणली. इंजिनाला एक चाक कमी. दोन फुटांची प्लायची फळी आणली, विटांच्या उंच थरांवर ठेवली आणि डाव्या काठाला बसला. मान खाली.

रात्रपाळीहून आला की सकाळी बसायचा. आधी सिग्नलपाशी खडी आली. खडी म्हणजे खरी खडी, गल्लीच्या रस्त्यातून उचलून हातोडीनं फोडलेली, एकेक खडा जागेवर. मग सुकलेलं गवत, ते खात्यातल्या धाग्याच्या कचऱ्याचं, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट केलेलं. मग बाभळी. जळालेल्या मोटरची तांब्याची तार पिळून खोड, त्याला बारीक काटे. एका बाभळीला तीन दिवस. मी म्हटलं, "आप्पा, बाभूळ आहे, वडाचं झाड नाही. लोक बघून पुढं जातात." तो म्हणाला, "शेळी नाही जात पुढं." बरं. मग शेळी आली.

मग भेगा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, त्या त्याला हव्या होत्या. नंदुरबारहून येणाऱ्या एका माणसाकडून पिशवीभर माती मागवली, चिखल केला, फळीवर थापला आणि घरातला एकुलता एक पंखा त्याच्यावर लावला. जून महिना. आम्ही घामात आणि शेताला हवा. चार दिवसांनी माती फाटली तेव्हा हा माणूस मुलगा झाल्यासारखा हसला.

दोन फूट संपले. काठ आला होता, पण गाव आलं नव्हतं. आप्पानं काय करावं? बीम संपला की दुसरा बीम चढवतात. त्यानं दुसरी फळी जोडली. मग तिसरी. कोरड्या नाल्याला एक फळी, मोकळ्या रानाला दीड. मोकळं रान! त्यात काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीला दीड फळी. मायनं भांडी पलंगाखाली नेली, जागेसाठी पलंगही बाहेर गेला तेव्हा मोरीपाशी नेली. आम्ही गावाखाली झोपायला लागलो. माझं डोकं नाल्याखाली आणि पाय फलाटाखाली.

गल्ली बघायला यायची. शेजारचा नितीन, ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं, दारात उभा राहून म्हणाला, "काका, मस्त आहे, पण थोडं हिरवं टाका. एखादा धबधबा. लुक येईल."

"मे महिन्यात गावाला गेला होता का कधी?"

"मे मध्ये कोण जातं काका, ऊन असतं."

"मग चूप बस."

या बाबतीत मी आप्पाच्या बाजूनं. आमचे लोक इथं मोबाईलवर 'माझं गाव' म्हणून फोटो ठेवतात, त्यात नारळाची झाडं, नदी, होडी. अरे, कोणाचं गाव हे? धामणखेड्यात नारळाचं झाड नाहीच. एकच नारळ आहे आणि त्याला नथ आहे. यांना गावाची लाज नाही वाटत म्हणतात, पण खरं गाव दाखवलं की हिरवा रंग शोधतात.

पंडितकाका त्यातलाच. आप्पाचा चुलत भाऊ, डिंडोलीला रो-हाऊस. हॉलच्या फरश्या अशा गुळगुळीत की पाहुणा घसरतो आणि काका हात द्यायच्या आधी सांगतो, "इटालियन आहे." त्यानं माणूस बोलावून आरास करून घेतली. प्लास्टिकची हिरवळ, पाण्याचं कारंजं, निळे दिवे, मधे दोन बगळे. काकाच्या मते ते धामणखेडं. बगळे बहुतेक चुकून उतरले असतील.

शुक्रवारी सकाळी मोठा बाबा उधना टेशनला उतरला. लाल कापडात नारळ, तो छातीशी धरलेला. पंडितकाकानं गाडी आणली होती म्हणून आधी डिंडोली. मीपण चढले, मला कोणी बोलावलं नव्हतं. मोठा बाबा कारंज्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "इथं कोण राहातं?"

"दादा, आपलं गाव आहे हे!"

"हां का," मोठा बाबा अहिराणीत म्हणाला. "छान शे. माणसं बसाले जागा शे."

मी मनातल्या मनात आमची खोली मोजली.

मग लिंबायत. आमच्या दारात आला तर आत पाय ठेवायला जागा नाही. तो उंबऱ्यावरच बसला, नारळ मांडीवर. माय आत मोरीपाशी, डोक्यावरून पदर पुढं ओढून. जेठ, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, समोर आहे म्हणून ती बोलणार नाही. सत्तावीस वर्षांत तिनं जेठाशी थेट एक शब्द बोललेला नाही. काही सांगायचं असलं की भिंतीला सांगते किंवा मला.

मोठ्या बाबानं गाव बघायला सुरुवात केली. बराच वेळ बघत राहिला. "हा दगडू पाटलाचा बांध." आप्पानं मान हलवली. "ही विहीर. आटेल शे. बरोबर. ही बाभूळ वाकडी शे, बरोबर, बैलगाडी आदळली होती." मग आप्पानं रेल्वे सुरू केली. तीन चाकांचं इंजिन लंगडत नाल्यावरून गेलं, रानातून गेलं, फलाटाला लागलं. मोठ्या बाबाचा हात मांडीवरच्या लाल कापडावर थांबला होता. मला वाटलं, जिंकलो.

"भटू," तो म्हणाला, "आपलं घर कोठे शे?"

आप्पा म्हणाला, "पुढं आहे. अजून आलं नाही."

"पुढं तं भिंत शे."

"एक फळी आणखी लागंल."

"आणि कानबाई कोठे बसाडशी?"

हे मात्र आप्पाला पहिल्या झटक्यात ऐकू आलं. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. खोली बघितली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांध, नाला, रान, टेशन. देवीच्या मागं आरास करायला निघालेला माणूस देवीचा पाट ठेवायला वीतभर जागा सोडायला विसरला होता. आणि आमचं स्वतःचं घर सोडून पूर्ण शिवार बनवून बसला होता.

माय मला म्हणाली, "त्यांना सांग, जागा होईल."

मोठा बाबा मला म्हणाला, "तिले सांग, होईल नको. चार वाजता पंडित येतो. तोपर्यंत पाट मांडेल दिसला तं नारळ इथं, नाहीतर तिथं. म्हातारपणी मी दोन वेळा सुरत नाही चढणार."

गाव बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता. खोलीतच जोडत नेलेलं, दारातून निघणार कसं? आप्पा काय म्हणाला सांगू? फलाटाची धूळ बोटानं पुसत म्हणाला, "या वर्षी पंडितकडं जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

आप्पाला गल्लीत कोणी बहिरा म्हटलं तर मी त्याची कॉलर धरते. धरलेली आहे. पण त्या वेळी मला वाटलं की ती बाभूळ उपटावी आणि त्याच्या हातात द्यावी.

माय उठली. मागच्या दारानं गेली आणि सुतारकाम करणाऱ्या कुंदनकडून करवत घेऊन आली. पदर तसाच डोळ्यांपर्यंत. आप्पाला विचारलं, "कुठून कापू?" आप्पा भिंतीकडं तोंड करून बसला. तिनं परत नाही विचारलं. रानाच्या मधे करवत लावली.

काळी माती फुटून तिच्या पायावर पडत होती. एक बाजू मी धरली. पण प्लाय मधे वाकायला लागला, करवत अडकली, दुसरी बाजू धरायला माणूस नाही. आप्पा पाठमोरा. माय थांबली, श्वास घेतला, आणि पदराच्या आतून उंबऱ्याकडं बघून म्हणाली,

"दादा, धरा."

मोठा बाबा दचकला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी निरोप सांगीन म्हणून. मी एका हातानं ओढणीची ओटी पुढं केली. मग त्यानं नारळ माझ्या ओटीत ठेवला, उठला, चपला काढल्या आणि नाल्याच्या बाजूनं प्लाय उचलून धरला. माय कापत राहिली. रान दोन तुकडे झालं, नाल्याकडचा तुकडा बाहेर ओट्यावर गेला, रूळ तुटला, शेळी कुठं पडली ती आजपर्यंत सापडली नाही.

चार वाजता पंडितकाका आला, नाकाला रुमाल लावून. "वहिनी, कशाला एवढा त्रास? माझ्याकडं सगळं तयार आहे."

"भाऊजी, चपला बाहेर काढा," माय म्हणाली. "इथं पाट मांडला आहे."

मोठ्या बाबानं पाट बघितला. अडीच फूट जागा, खाली लाकडाचा भुसा. नारळ ठेवला आणि पंडितकाकाला म्हणाला, "रविवारी तुना घरना मोठा पातेला आण."

रविवारी छत्तीस भाऊबंद आले. अर्धे घरात, अर्धे गल्लीत चटईवर. पंडितकाकाच्या रंजनाकाकूनं पहिल्यांदा आमच्या चुलीपाशी रोट लाटले आणि दर दोन रोटांनी "किती धूर गं" म्हणाली. माय पाटाजवळ बसली होती, नवी साडी नेसून, आणि तिला भांडी घासायला उठू दिलं नाही. देवीच्या मागं अर्धं गाव होतं. दुसरं अर्धं बाहेर ओट्यावर, त्याच्यावर लोकांनी चपला ठेवल्या. आप्पानं रोट खाल्ले, पण शुक्रवारपासून मायशी बोलला नव्हता.

सोमवारी देवी तापीवर नेऊन आणली. मग तो कापलेल्या कडेपाशी उकिडवा बसला आणि अंगठा फिरवत म्हणाला, "सरळ तरी कापायचं. एवढं वाकडं."

"पुढच्या वर्षी घरापासून सुरू करा," माय म्हणाली. "मग कापावं लागणार नाही."

आप्पानं कडेवरचा भुसा झटकला. मग पिशवी भरत असलेल्या मोठ्या बाबाला विचारलं, "दादा, आपल्या घराचं दार आता कोणत्या रंगाचं आहे?"

"दार जाऊन दोन वर्षं झाली," मोठा बाबा म्हणाला. "पत्रा ठोकेल शे."

आप्पा उठला आणि स्वयंपाकाच्या फळीवरचा तेलाचा रिकामा डबा काढून कात्री शोधायला लागला.