आक्कांची कानडी आणि चार तुकड्यांचा चौकडा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आक्कांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि त्यात त्यांची मराठी गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांची जीभ हळूहळू वळायला लागली ती फक्त कानडीत.

आक्कांचं माहेर सीमेपलीकडचं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंधही नव्हता म्हणे. पण आम्ही राजारामपुरीत राहायला आलो तोवर, नव्वदच्या दशकात, त्या अशी खणखणीत मराठी बोलायच्या की जिन्यात उभ्या राहून बोलल्या तरी गच्चीवर ऐकू यायचं. ‘काय करालीस गं वर? ये की खाली, चा टाकलाय. मी मघाधरनं वाट बघालोय!’ कोल्हापूरच्या बायकांसारखं त्याही ‘मी आलो, मी जेवलो’ असंच म्हणायच्या. कानडी त्यांच्या तोंडून ऐकू यायची ती फक्त माहेरचं कुणी आलं तर.

त्यांचे यजमान, आण्णा, गुळाचे व्यापारी. मुलगा त्यांच्याबरोबर दुकानात. घरी दिवसभर सून आणि शाळेत जाणारी छोटी नात. सून साताऱ्याकडची, तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता. आण्णा आणि मुलगा दुकानातून परत येईपर्यंत आक्का काय म्हणतात ते त्या घरात कुणालाच कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी, लहानपणची भाषा आधी परत येते, दुसरी येईल किंवा येणारही नाही.

मी एका प्राथमिक शाळेत शिकवायचे. शाळा सकाळची, त्यामुळे दुपार मोकळी. एक दिवस सून वर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, ‘वहिनी, मी पोरीला शाळेतनं आणेपर्यंत आईंच्याजवळ बसाल का? एकटं ठेवायला भीती वाटते.’

मी गेले. पहिले काही दिवस फार अवघड गेले. मी मोठमोठ्यानं बोलायचे, जणू आक्कांना ऐकूच येत नाही. हातवारे करायचे. त्या माझ्याकडे बघायच्या, काहीतरी सांगायच्या, मला समजलं नाही की डोळे मिटून घ्यायच्या. एकदा तर तोंड भिंतीकडे फिरवलं ते मी निघेपर्यंत तसंच.

मला वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायचा नाद होता. बाजारात चांगल्या चादरी मिळत असताना हा उद्योग कशाला, असं घरात सगळे म्हणायचे. पण गल्लीतल्या शिंप्याकडून कातरणं आणायची, धुऊन इस्त्री करायची, रंगाला रंग लावत बसायचं, यात माझा जीव रमायचा. भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी शिवण घेऊनच खाली गेले. बोलायचं सोडलं आणि खिडकीजवळ बसून टाके घालायला लागले.

थोड्या वेळानं आक्कांनी मान वळवली. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मग डावा हात उचलून म्हणाल्या, ‘कौदी.’

मी पाणी दिलं. ‘ब्याड,’ म्हणाल्या. म्हणजे नको, एवढं मला आता कळत होतं. उशी सारखी केली, पंखा लावला. ‘ब्याड, ब्याड!’ डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ‘कौदी!’

संध्याकाळी आण्णा आल्यावर मी मुद्दाम खाली जाऊन विचारलं. ते चप्पल काढता काढता थांबले.

‘कौदी म्हंजे वाकळ की. हिची आई शिवायची. हीबी शिवायची पोर असताना. हितं आल्यावर एकदाबी शिवली न्हाय.’ मग आत बघत म्हणाले, ‘आज मागितली व्हय तिनं?’

दुसऱ्या दिवशी मी माझ्याकडचा सगळ्यात सोपा नमुना घेऊन गेले. चार चौकोनी तुकडे, दोन गडद, दोन फिके. मी त्याला चौकडा म्हणते. शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा हाताच्या तळव्याएवढा चौकोनी कापायचा, तो कापडावर ठेवून खडूनं रेघ मारायची, आणि रेघेबाहेर बोटभर माया ठेवून कापायचं. मग एक गडद आणि एक फिका, सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून, रेघेवरून धावदोऱ्यानं जोडायचे. तशीच दुसरी जोडी. शेवटी दोन्ही जोड्या अशा जोडायच्या की गडदासमोर फिका यावा आणि सारखे रंग कोपऱ्याला कोपरा लागून बसावेत. एवढंच. यात चुकायला फारसं काही नाही.

आक्कांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असायचा. मी तो उचलून कापडावर ठेवला, वजनासारखा. सुईत दोरा ओवून सुई डाव्या हातात दिली. पहिला टाका भलतीकडेच गेला. दुसरा बोटात. मला वाटलं आता सुई टाकून देतील. पण त्यांनी बोट तोंडात घातलं, आणि पुन्हा सुई धरली.

पहिला चौकडा पूर्ण व्हायला किती दुपारी गेल्या ते आठवत नाही. झाला तो वेडावाकडा. मी सवयीनं कात्री घेऊन एक शिवण उसवायला गेले, तर आक्कांनी डाव्या हातानं माझं मनगट असं घट्ट धरलं की मला त्यांच्या जोराचं नवल वाटलं. ‘ब्याड,’ म्हणाल्या, या वेळी हसून. तो चौकडा त्यांनी उशाखाली ठेवून दिला. संध्याकाळी आण्णांना दाखवायला.

मग आमची शाळाच सुरू झाली, पण शिकवणाऱ्या त्या होत्या. त्या तांबडा तुकडा उचलून म्हणायच्या, ‘केंपु.’ मी म्हणायचे केंपु. पांढरा म्हणजे बिळी, कापड म्हणजे अरिवी, दोरा म्हणजे दार. माझा उच्चार चुकला की जीभ बाहेर काढून दाखवायच्या, अशी वळव म्हणून. सून स्वयंपाकघरातून ऐकत असावी. एकदा ती चहा घेऊन आली आणि कप ठेवताना आक्कांना हळूच म्हणाली, ‘साकु?’ पुरे का? आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. त्या दोघींचं तसं फार जमायचं नाही आधी. सुनेचं बोलणं मऊ, सासूबाईंचं असं की ऐकणाऱ्याला भांडणच वाटावं. त्या दिवशी आक्कांनी तिचा हात धरून तिला कॉटवर बसवून घेतलं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. मी बोलता बोलता चौकडा जोडत होते, लक्ष दुसरीकडेच होतं. समोरून आवाज आला, ‘तांबड्याला तांबडं लावालीस? चुकलं की गं तुझं!’

मी ‘हो का’ म्हणून शिवण बघायला लागले, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वर बघितलं. आक्काही तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. सून कणकेच्या हातांनीच धावत आली.

‘आई, काय म्हणालात? परत म्हणा ना!’

पण ते परत येईना. दोनतीनदा ओठ हलले आणि मग कानडीच बाहेर पडली. आम्ही तिघीही हसत होतो आणि रडतही होतो.

पूर्ण मराठी त्यांना कधीच परत आली नाही. शब्द यायचे ते मधूनच, रागावल्यावर हमखास. भाजीवाल्याशी पुढे त्या अर्धं कानडी, अर्धं मराठी असं भांडायच्या, आणि त्याला सगळं बरोबर समजायचं. सुनेनं मात्र घरापुरती कानडी शिकून घेतली.

वाकळ तयार झाली ती त्या हिवाळ्यात. आक्कांचे चौकडे मध्ये, माझे कडेनं. शेवटचे धावदोरे घालायला त्यांची बहीण गावाहून येऊन राहिली होती. अस्तर म्हणून आण्णांचं जुनं धोतर दिलं होतं. काम झालं तशी वाकळ कॉटवर पसरली. आण्णा लगेच म्हणाले, ‘ही मलाच पायजे. थंडी सुरू झालीया.’

‘ब्याड,’ आक्का म्हणाल्या. सुनेला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. आक्कांनी तिला बोटानं जवळ बोलावलं, वाकळीचं टोक डाव्या हातानं ओढून तिच्या खांद्यावर टाकलं. उजवा हात उचलायचाही प्रयत्न केला. तो अर्ध्यापर्यंत आला.

सून वाकळ धरून उभी राहिली. मग म्हणाली, ‘चलो ऐत्री, आत्ती.’ छान आहे, सासूबाई.

उच्चार चुकला होता बहुतेक, कारण आक्कांची बहीण खुदकन हसली. आक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे बघून मान डोलावली, आणि मला पुढच्या वाकळीचं कापड काढायची खूण केली.